हळदीतलं अधिकृत मंगलाष्टक

अजय-अतुल यांचं 'झिंगाट' (चित्रपट 'सैराट', २०१६) हे नव्या प्रेमाच्या धुंदीचं गाणं वसई-विरारच्या हळदीत अधिकृत मंगलाष्टक म्हणून जाहीर व्हावं, अशी आमची नम्र शिफारस आहे. रात्री १० चा नियम ध्वनिक्षेपकाला लागू, प्रेमाला नव्हे. म्हणून नालासोपाऱ्याचा डीजे साडेअकरालाही कर्तव्यावर हजर असतो. आजोबा नाचतात, आत्या नाचते, मुलीचे वडील तर मेहुण्याच्या खांद्यावरून नाचतात. चोरट्या प्रेमाला एवढा कौटुंबिक पाठिंबा पॅरिसमध्येही मिळत नसावा! आता पुढचं पाऊल: पोटजात, गोत्र आणि पत्रिका जुळल्यावर वधूवरांकडून एकमेकांवर भाळल्याचं प्रतिज्ञापत्रही घ्यावं, दोन्हीकडच्या मामांच्या सहीनिशी. सिनेमाचा शेवट दाखवायची गरज नाही. तोही घरच्यांनीच पार पाडला होता.