मोरजीचे करमचंद

गुन्हा घडल्यावर येतात ते पोलीस. गुन्हा घडण्याआधीच जो येऊन उभा राहतो तो गावचा डिटेक्टिव. गोव्याच्या पेडणे तालुक्यात वाड्यागणिक असा एक तरी सापडतो. बहुधा सरकारी खात्यातून निवृत्त, पेन्शन वेळेवर, गुडघे अजून शाबूत. आणि ह्यांनी दिवसभर बाहेरच असावे असे घरच्यांना मनापासून वाटत असते. मोरजीतल्या नमुन्याला गाव पाठीमागे करमचंद म्हणते, तोंडावर भाई.

ह्या नावाचे मूळ 1985 सालात आहे. त्या वर्षी दूरदर्शनवर पंकज कपूरचा करमचंद आला. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात गाजर, बाजूला भाबडी मदतनीस किटी. भाईंच्या डोक्यातली जमीन तोवर रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांनी नांगरून ठेवलेलीच होती. त्यांच्या झुंजार आणि धनंजय या नायकांच्या संगतीत रात्री काढल्यामुळे मॅट्रिकला गणित राहिले होते. करमचंदने त्या जमिनीत बी टाकले. काळा चष्मा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळाला. गाजराऐवजी जत्रेतले खाजे आले. ते चावताना असा कडाका उठतो, की भाई माग काढत आहेत हे संशयिताला माडांच्या पलीकडूनही कळते. किटीची जागा भाड्याने मोटरसायकल चालवणाऱ्या एका पायलटने घेतली. दूरदर्शनवरची किटी सरांच्या बुद्धीने भारावून जायची. हा फक्त एकच प्रश्न विचारतो, ‘‘भाई, भाडं आज देताय की मागच्यासारखं?’’

मोरजीत ह्या धंद्याला एकच अडचण आहे : गुपितांचा दुष्काळ. पहाटे पोदेर सायकलचा भोंगा वाजवत पाव घेऊन फिरतो. कोणाच्या घरी दोन पाव जास्त गेले यावरून पाहुणे किती आले हे त्याला समजते. मासळीवाली दहाच्या आत त्या पाहुण्यांचे गाव सांगते. दुपारपर्यंत ते का आले, किती दिवस राहणार आणि जमिनीचा वाद मिटला की नाही, हे अख्ख्या वाड्याला ठाऊक असते. भाई संध्याकाळी संशोधन पूर्ण करून तोच निष्कर्ष जाहीर करतात.

पुढे किनाऱ्यावर रशियन पर्यटक आले, तेव्हा भाईंचे दिवस पालटले. दुकानांवर अनोळखी अक्षरांच्या पाट्या झळकू लागल्या. भाईंनी त्या सांकेतिक लिपी म्हणून वहीत उतरवून घेतल्या. सहा महिन्यांच्या तपासानंतर उलगडा झाला : स्कूटर भाड्याने मिळेल. त्यातली एक पाटी त्यांच्या सख्ख्या पुतण्याच्याच दुकानावर होती.

खरी पंचाईत झाली ती नाताळात. आखातातून सुटीवर आलेल्या भाच्याने मोबाइलवर ‘मंक’ ही अमेरिकन मालिका लावून दिली. टोनी शालूबने रंगवलेला हा डिटेक्टिव जंतूंना, उंचीला, गर्दीला, सगळ्याला घाबरतो. तरी खुनी मात्र बरोबर पकडतो. ह्या मालिकेत नाताळचे खास भाग आहेत. 2005 सालच्या भागात पोलीस चौकीतल्याच पार्टीत भेट आलेल्या पोर्ट वाइनमध्ये विष निघते. 2007 सालच्या भागात तर मंकच्या हातून सांताक्लॉजला गोळी लागते आणि सारे शहर त्याच्यावर उलटते. भाईंनी दोन्ही भाग पाहिले. शेरलॉक होम्सच्या नाताळच्या गोष्टीत हंसाच्या पोटातून निळे रत्न निघते, हेही भाच्याने सांगितले. झाले! नाताळ आला की गुन्हा होतोच, असा सिद्धांत भाईंनी मांडला आणि गुन्ह्याची वाट पाहू लागले.

दारोदार नाताळची नक्षत्रे, म्हणजे चांदणीचे कंदील लागले. शेजारच्या ख्रिस्ती घरातून रीतीप्रमाणे कुस्वाराचे ताट आले. नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, बिबिंका. चवथीला भाईंकडून फराळ जातो, नाताळाला तिकडून गोड येते. दोन पिढ्यांचा हा शिरस्ता. भाईंनी ताटाला हात लावला नाही. पहिला तुकडा पायलटला दिला आणि घड्याळ पाहत बसले. अर्ध्या तासाने पायलट ठणठणीत होता, ताट रिकामे होते, आणि वहिनींनी भाईंशी बोलणे सोडले होते. रात्री लाल कपड्यांत दाढी लावून निघालेल्या पोरांच्या सांताला त्यांनी ओळखपत्र विचारले. तो त्यांचाच नातू निघाला.

पंचवीस तारखेच्या पहाटे मात्र गुन्हा सापडला. तेंबवाड्याच्या बाजूला, शापोरा नदी समुद्राला मिळते त्या अंगाला, वाळूत एक रुंद माग. समुद्रातून निघून सरळ वर आलेला आणि बाजूने परत पाण्यात गेलेला. भाईंनी चष्मा लावला, खाजे तोंडात टाकले आणि पायलटला निवाडा ऐकवला.

‘‘रात्री समुद्रातून कोणी तरी आलं. एकटंच. अंगाने जड, बघ, वाळू कशी दाबली गेलीय. इथे खड्डा केला. माल पुरला. वर वाळू लोटून जागा सपाट केली, कोणाला कळू नये म्हणून. आणि उजाडायच्या आत परत समुद्रात पसार!’’

‘‘भाई, पोलिसांना बोलवू?’’

‘‘आधी माल बाहेर काढू.’’

भाई गुडघ्यावर बसले, तेवढ्यात रापण ओढायला आलेला एक म्हातारा ओरडला, ‘‘हात लावू नका हो भाई! कासव येऊन गेलंय. अंडी आहेत ती!’’

भाईंचा तपास अक्षरशः बरोबर होता. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी इथे रात्री एकटीच येते. चाळीसेक किलोचे अंग ओढत वर चढते, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि अंगाने धोपटून जागा सपाट करते. चुकला तो फक्त आरोपी. शिवाय हा आरोपी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला. माल उकरला असता, तर त्या किनाऱ्यावर एकच गुन्हेगार सापडला असता आणि तो काळा चष्मा लावून बसलेला असता.

गाव महिनाभर हसले. पण भाईंना अखेर खरे प्रकरण मिळाले. वन खात्याच्या माणसांनी घरट्याभोवती कुंपण घातले आणि सांगितले की पिल्ले पन्नासेक दिवसांत, बहुधा रात्री बाहेर पडतात, समुद्रावरच्या उजेडाकडे धावतात. किनाऱ्यावर त्याहून भगभगीत दिवा असला तर तीच पिल्ले उलट्या दिशेला लागतात आणि मरतात. दिशाभूल करून शंभर जिवांना गायब करणे! असला गुन्हा मंकलाही मिळाला नव्हता. तेव्हापासून भाई रोज रात्री किनाऱ्यावरचे दिवे मोजतात, कुठल्या शॅकचा ढोल किती वाजेपर्यंत चालला ते वहीत लिहितात आणि सकाळी ती वही वन खात्याच्या पुढ्यात आपटतात. खात्याला ते नकोसे झाले आहेत, म्हणजे काम चोख चालले आहे.

आम्ही त्यांना हसतो, पण एक कबूल केले पाहिजे. एके काळी ह्याच किनाऱ्यावरची अंडी उकरून खाल्ली जात, विकली जात. नव्वदच्या दशकात गावातल्याच माणसांनी रात्री जागून पहारा सुरू केला, म्हणून आज आगोंद आणि गालजीबागबरोबर मोरजीचे नाव कासवांसाठी घेतले जाते. ज्याचे काम नाही त्यात नाक खुपसणारी माणसे गावात नसती, तर कासवेही नसती.

तेव्हा नाताळात मोरजीला आलात आणि वाळूत रुंद माग दिसला, तर उकरू नका, टॉर्च मारू नका, वन खात्याला कळवा. आणि खाजे चावत एक गृहस्थ पुढ्यात आले, तर नाव, गाव आणि उतरण्याचे ठिकाण मुकाट्याने सांगून टाका. पोदेराने ते त्यांना सकाळीच सांगितलेले असते. ते फक्त खात्री करून घेतात.