घाईचा माणूस

निघालेल्या पाहुण्याला दारात अडवून ‘बसा हो, काय एवढी घाई आहे?’ असं विचारण्यात आपण सभ्यता मानतो. घाईला आपल्याकडे पत नाही. घाईत केलेली भाजी करपते, घाईत ठरवलेल्या लग्नात याद्यांवरून भांडणं होतात आणि घाईत लिहिलेला लेख संपादक पहिल्याच ओळीत ओळखतो. या समजुतीला एकच गृहस्थ दाद देत नाहीत. ते म्हणजे कन्नड सिनेमातले शंकर नाग.

१९५४ साली उत्तर कन्नडात जन्म. पुढे मुंबईत बँकेतली नोकरी आणि संध्याकाळी मराठी नाटक. आता बँक आणि नाटक ही जोडी आपल्या चांगली परिचयाची. असा माणूस सहसा बँकेतूनच निवृत्त होतो आणि निरोप समारंभात साहेब त्याच्या अभिनयाबद्दल दोन शब्द बोलतात. शंकर नागांना तेवढी सवड नव्हती. ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या पटकथालेखनात त्यांचा वाटा होता. १९७८ साली गिरीश कर्नाडांच्या ‘ओंदानोंदु काळदल्ली’मध्ये ते तलवार घेऊन उतरले आणि त्या भूमिकेसाठी भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेते ठरले. १९८० साली ‘मिंचिन ओट’ स्वतः दिग्दर्शित केला. त्याच वर्षी ‘ऑटो राजा’मध्ये रिक्षावाल्याचं काम केलं. बारा वर्षांत ऐंशीच्या वर चित्रपट. मधल्या वेळात ‘संकेत’ या संस्थेतर्फे नाटकं, त्यात आपल्या जयवंत दळवींचं ‘बॅरिस्टर’सुद्धा कन्नडमध्ये. या माणसाचा ‘मधला वेळ’ नक्की कधी असायचा, ते विचारू नये.

आणि याच माणसाने दूरदर्शनवरची सर्वांत निवांत मालिका केली, ‘मालगुडी डेज’. आर. के. नारायण यांच्या कथा, आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं, आगुंब्याचा पाऊस आणि कौलारू घरं. मालगुडीत कोणालाच कुठे पोचायचं नसतं. छोट्या नायकाला, स्वामीला, शाळेत तर मुळीच नाही. त्याचे वडील झालेले कर्नाड चष्म्यातून नुसते बघतात आणि तेवढ्याने भाग पुढे सरकतो. पुस्तकातला गाव हुबेहूब आपल्या मनातला निघावा, ही नवलाची गोष्ट. त्याहून नवल म्हणजे हा निवांतपणा एका घायकुत्या माणसाने रचला.

मला वाटतं, गोम इथेच आहे. त्यांची घाई त्यांच्यापाशीच राही, प्रेक्षकाच्या अंगावर येत नसे. आपलं नेमकं उलटं असतं. तयारीच्या वेळी आपण आरामात चहा पितो आणि शेवटच्या दिवशी अशी धावपळ करतो की समोरच्यालाही धाप लागावी.

३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ मोटार अपघातात शंकर नाग गेले. वय पस्तीस.

बेंगळुरूच्या रिक्षांवर त्यांचा चेहरा अजून दिसतो. ‘ऑटो राजा’ला रिक्षावाल्यांनी आपला मानला तो कायमचा. गंमत अशी, की जन्मभर धावलेला हा माणूस आता रिक्षांच्या पाठीवर बसून सिग्नलला तासन्‌तास उभा असतो. या शहराला मेट्रो हवी असं त्यांना ऐंशीच्या दशकातच वाटत होतं, लंडनच्या भुयारी रेल्वेचा त्यांनी अभ्यासही केला होता, असं तिकडे सांगतात. सरकारला मात्र आपली सभ्यता ठाऊक होती. मेट्रो धावली २०११ साली.

नाटकवाल्यांनी त्यामानाने लवकर केलं. मुंबईच्या रंगभूमीवर घडलेल्या त्यांच्या पत्नी अरुंधती नाग यांनी २००४ साली ‘रंगशंकरा’ नाट्यगृह उभं केलं. तिथे प्रयोग ठरल्या वेळी सुरू होतो आणि उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत. आपल्याकडे तिसरी घंटा म्हणजे हातातला वडा संपवायची सूचना. ‘रंगशंकरा’त वडा आणि नाटक यांतून एकच निवडावं लागतं. रहदारीत अडकून आलेला रसिक बंद दारापुढे चिडत असेल, पण तक्रार कोणाकडे करणार? ज्यांच्या नावाने हे दार बंद होतं, त्यांनी त्याला वेळेवर पोचवायचा उपायही आधीच सुचवला होता.