नागिणीनंतरचा सोबती: निवड आणि निगा

नागीण उठते, फोड सुकतात, खपल्या पडतात, आणि घरचे पेढे वाटून मोकळे होतात. त्यानंतर ३ महिने उलटले तरी बरगडीत ठणका उरला असेल, तर औषधे डॉक्टरांवर सोपवावीत आणि आपण सोबती शोधायला लागावे. निवडीचे निकष पुढीलप्रमाणे.

‘आता तर काहीच दिसत नाही!’ म्हणणारा पहिल्याच फेरीत बाद. दिसणार काय? लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षे दडून असतो. उतारवयात उठतो आणि जाताना वायरिंग बिघडवून जातो. भिंतीचा रंग बघून काय कळणार?

‘दोन टोकं जुळली नाहीत ना?’ विचारणाऱ्या आत्याबाईंशी वाद घालू नये. नागीण बहुधा अंगाच्या एकाच बाजूला, एकाच नसेच्या पट्ट्यात राहते, आणि टोके जुळली तरी माणूस त्याने मरत नाही. पण आत्याबाईंच्या चुलतसासऱ्यांची जुळली होती. तेव्हा ऐकून घ्यावे. पिठलं-भाकरी घेऊन त्याच येतात.

पाठीवर थाप मारणाऱ्यापासून चार हात लांब राहावे. इथे सैल सदऱ्याचे नुसते घासणे सोसवत नाही, पंख्याचा वारासुद्धा झोंबतो. उलट तळव्याने घट्ट दाबून धरले तर मला बरे वाटते, म्हणून बनियन अंगाबरोबर बसणारा घ्यावा. हे दुकानदाराला समजावू नये.

‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणणाऱ्याला चहा विचारू नये.

रात्रीच्या अमिट्रिप्टिलिनबद्दल नातेवाइकांत वाच्यता करू नये. गोळी मुळात डिप्रेशनची. कमी डोसात ती नसांच्या दुखण्यावर देतात. माझ्या बहिणीने नेटवर पहिले अर्धेच वाचले आणि माझे नाव सत्संगाला घातले.

सर्वोत्तम सोबती म्हणजे दुसरा दुखणाईत, मात्र वेगळ्या नसेचा. एकाच दुखण्याची माणसे भेटली की गोळ्यांचे मिलिग्रॅम मोजत बसतात. तळमजल्यावरच्या नानांना सायटिका आहे. कंबरेतून निघालेली कळ पोटरीपर्यंत जाते, त्यामुळे ते बसू शकत नाहीत आणि मला कोणी खेटलेले चालत नाही. बागेतल्या बाकाशेजारी आम्ही दोघे उभे असतो. नाना ‘कसं वाटतंय?’ असे कधीच विचारत नाहीत. ते खालून फक्त ‘येतोस का रे?’ असे ओरडतात, ते साऱ्या बिल्डिंगला ऐकू जाते, आणि लाजेकाजेस्तव मला चप्पल घालावी लागते. प्रेरणा म्हणतात ती हीच असावी. बऱ्या दिवशीही ठरलेल्यापेक्षा जास्त चालू नये, दुसऱ्या दिवशी त्याची वसुली होते, हे मी त्यांना सांगतो. ते ऐकत नाहीत. वर सोसायटीच्या पाण्याच्या बिलावर तेच तेच बोलतात. वैताग आहे नुसता. दोन दिवस गावाला गेले तर मात्र मी खाली उतरतच नाही.

सध्या मी त्यांच्या मागे लागलोय, की नागिणीवरची लस घ्या. २०२३ पासून भारतात मिळते, पन्नाशीपुढच्यांना, दोन डोस. किंमत ऐकून नाना म्हणाले, ‘‘एवढ्यात सायकल येते, गियरची.’’

ज्याला खुर्चीत बसता येत नाही, तो माणूस हा.