कॉमिक कॉनला जाऊ इच्छिणाऱ्या प्रौढांसाठी सूचना

सदर सूचना लहानपणी इंद्रजाल कॉमिक्स वाचलेल्या आणि 'हल्लीच्या पोरांना काय कळतंय' हे वाक्य दिवसातून एकदा तरी उच्चारणाऱ्या नागरिकांसाठी आहेत. विशीतल्यांनी त्या वाचू नयेत, त्यांना सगळं आधीच ठाऊक असतं. उदाहरणादाखल आमच्या एका स्नेह्यांचा उल्लेख ठिकठिकाणी येईल. त्यांचं नाव देत नाही. त्यांनी हे वाचलंच, तर हे दुसऱ्या कुणाबद्दल आहे असं समजायची सोय राहावी.

तिकीट आधी ऑनलाइन काढावं. मोबाइलवर आलेला चौकोनी कोड दारात दाखवला की काम होतं. त्याच्या दोन रंगीत प्रती, आधार कार्डाची झेरॉक्स आणि पासपोर्ट साइझ फोटो प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून नेण्याची गरज नसते. स्नेही नेतात. दारावरचा मुलगा नुसता मोबाइल बघून "जा अंकल" म्हणतो, तेव्हा त्यांना व्यवस्था ढिसाळ असल्याची खात्री पटते.

कार्यक्रम शनिवार-रविवार असा असेल तर शनिवारी दार उघडतानाच पोचावं. पहिल्या दीड-दोन तासांत चित्रकारांशी निवांत बोलता येतं. दुपारनंतर गर्दी आपल्याला नेईल तिकडे जावं लागतं. रविवारी संध्याकाळी मात्र उरलेला माल परत न्यायच्या कंटाळ्यानं काही दुकानदार भाव उतरवतात. ही माहिती स्नेह्यांनी मला गुप्ततेच्या शपथेवर दिली होती.

रांगेत उभं असताना पुढच्या व्यक्तीला इतिहास सांगू नये. म्हणजे असं की, सॅन डिएगोचं पहिलं संमेलन 21 मार्च 1970 रोजी एका हॉटेलात एका दिवसापुरतं भरलं आणि त्याला जेमतेम शंभरेक माणसं होती. आता तिथे लाखाच्या वर लोक येतात, आणि 'हॉल एच' नावाच्या साडेसहा हजार खुर्च्यांच्या सभागृहात शिरण्यासाठी आदल्या रात्रीपासून फुटपाथवर पथारी टाकून झोपतात. आपल्याकडे फेब्रुवारी 2011 मध्ये दिल्ली हाटला पहिलं भरलं. ही सगळी माहिती खरी आहे, पण निळा टोप आणि सहा इंच टाचांचे बूट घालून उन्हात उभ्या असलेल्या मुलीला ती त्या क्षणी नको असते. स्नेह्यांनी ती साग्रसंगीत दिली. दिल्लीच्या त्या पहिल्याच संमेलनात अनंत पै यांचा जीवनगौरव झाला आणि त्यानंतर आठवडाही उलटला नाही तोच अंकल पै गेले, इथवर आल्यावर त्यांचा आवाज जड झाला. पैंच्या अमर चित्रकथेवर आणि टिंकलवर वाढलेल्या माणसाचा होणारच. मुलीनं कानातला इअरफोन काढला आणि म्हणाली, "काका, रांग पुढे सरकली."

आता वेषभूषा. प्रौढांनी स्वतः वेष करावा की नाही हा ज्याच्या त्याच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे. पण घरात कुणी तरुण करत असेल, तर महिनाभर हॉल त्याच्या ताब्यात द्यावा आणि गप्प बसावं. लांबून पोलादी वाटणारं ते चिलखत फोमचं असतं. योगा करायच्या सतरंजीच्या जातीचा ईव्हीए फोम आणायचा, कागदावर मापं काढून कटरनं कापायचा, हीट गननं तापवायचा आणि गरम असतानाच मांडीवर दाबून बाक द्यायचा. नवशिके सांधे ग्लू गननं जोडतात. तो गोंद उन्हात मऊ पडतो आणि प्रवेशद्वारापाशी योद्ध्याचा खांदा गळून पडतो. चपला चिकटवायचं पिवळं सोल्युशन वापरावं. दोन्ही कडांना लावून दहा मिनिटं वाळू द्यायचं आणि मग एकदाच, नीट, नेमकं चिकटवायचं. नंतर हलवता येत नाही. रंगाआधी पातळ केलेल्या फेव्हिकॉलचे दोन-तीन हात द्यावेत, नाहीतर फोम सगळा रंग पिऊन टाकतो. सुई-दोरा, सेफ्टी पिना आणि दुहेरी चिकटपट्टी यांशिवाय घराबाहेर पडू नये. पंख वेगळे न्यावेत आणि तिथे जाऊन लावावेत. लोकलच्या दारात उभ्या माणसाला तुमचा देवदूत दिसत नाही, त्याला फक्त डोळ्यात जाणारं पीस दिसतं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे या पोशाखात बाथरूमला जाता येतं का, ते घरीच करून पाहावं.

वेष केलेल्याचा फोटो काढण्याआधी विचारावं. तो आनंदानं उभा राहतो, हातातली तलवार नीट धरतो, हनुवटी वर करतो. त्यासाठीच तो पहाटे चारला उठलेला असतो. हात लावू नये, कापड चिमटीत धरून "शिवलंस की आणलंस?" विचारू नये. वेष केला म्हणजे संमती दिली असं नव्हे, अशा पाट्या न्यूयॉर्कच्या संमेलनात 2014 पासून लागल्या. आपल्याकडे पाटी असो वा नसो, आपल्या आयांनी हेच दुसऱ्या शब्दांत शिकवलेलं आहे. "तू कोण झालायस?" असंही विचारू नये. "तुझ्या पात्राबद्दल सांग ना" म्हणावं. उत्तर वीस मिनिटांचं असतं आणि त्यातली शेवटची दहा ऐकण्यासारखी असतात.

इथे एक प्रसंग सांगणं भाग आहे. स्नेही वेताळाचे निस्सीम भक्त. ली फॉकनं 1936 साली अमेरिकी वर्तमानपत्रात जन्माला घातलेला हा बुरखाधारी, 1964 पासून इंद्रजालच्या अंकांतून आपल्या घरोघरी आला आणि 1990 मध्ये इंद्रजाल बंद पडेपर्यंत दर अंकाला मारामाऱ्या झाल्या. खलनायकाशी वेताळाच्या आणि अंकासाठी भावंडांच्या. तर दालनाच्या मधोमध, तऱ्हेतऱ्हेच्या जपानी मंडळींच्या गर्दीत, स्नेह्यांना वेताळ दिसला. पण लाल.

"चूक आहे," स्नेही माझा दंड धरून म्हणाले. "वेताळ जांभळा असतो. पोरांना साधा रंग माहीत नाही."

मी नको नको म्हणत असताना ते गेले. मुलगा असेल विशीचा, सडपातळ. पट्ट्यावरची कवटी त्यानं स्वतः कातरलेली दिसत होती. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, इटलीत तो लालच असतो. ब्राझीलमध्येपण. स्वीडन-नॉर्वेत निळा. फॉकच्या मनात तर राखाडी होता. रविवारची रंगीत पुरवणी निघाली तेव्हा छापणाऱ्यांनी जांभळा केला." स्नेह्यांच्या चेहऱ्यावर अशा वेळी येतो तसा एक भाव आला, जो मी त्यांच्या मुलीनं त्यांना मोबाइल शिकवताना पाहिला आहे. मग त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं. "हात दाखव." मुलानं दोन्ही हात पुढे केले. कवटीची अंगठी उजव्या हातात, शुभचिन्हाची डाव्या. दोन्ही जागच्या जागी. स्नेह्यांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या (विचारून), आणि नंतरचा पाऊण तास ते दोघं घोडा, लांडगा आणि कवटीची गुहा यांवर बोलत उभे होते. मी सरबत पिऊन आलो तरी बोलत होते.

खाणं: पोटभर न्याहारी करून जावं, पाण्याची बाटली जवळ ठेवावी.

खरेदीबद्दल मात्र विस्तारानं. पहिली दोन वळणं घेतली की स्नेह्यांचं वार्षिक भाषण सुरू होतं, ते असं. नाव कॉमिकचं आणि कॉमिक कुठे आहे? टी-शर्ट आहेत, कीचेन आहेत, कॉफीचे मग आहेत, हजारो रुपयांच्या बाहुल्या खोक्यातून न काढता विकायला आहेत. कॉमिक तेवढं नाही! भाषण चुकीचं नाही. पण ते दालनाच्या मध्यावर उभं राहून केलं जातं, आणि तिथे कॉमिक नसतंच. ते कडेला असतं. भिंतीलगत छोट्या छोट्या टेबलांची रांग असते, मागे काढणारी माणसं स्वतः बसलेली असतात, समोर चित्रांच्या प्रती आणि पातळ पुस्तकं मांडलेली असतात. आधी तिथे जावं. पैसे आधी तिथे संपवावेत. मोठ्या कंपनीचा टी-शर्ट उद्याही घरपोच येईल. तिथे सुट्ट्या नोटा न्याव्यात, कारण एका छताखाली इतके मोबाइल जमले की नेटवर्क मान टाकतं आणि यूपीआयचं चक्र फिरत राहतं. चित्रं घ्यायची असतील तर पोस्टरची नळी घरूनच न्यावी. आपल्यासाठी स्केच काढून हवं असेल तर सकाळी सांगून ठेवावं, संध्याकाळी न्यावं. आणि चित्रकाराला "हे सगळं हातानं काढतेस की कॉम्प्युटरवर?" असं विचारू नये. कॉम्प्युटरवरही हातानंच काढतात.

जुने अंक दिसले तर धीर धरावा. हृदयाचे ठोके दुकानदाराला ऐकू गेले की किंमत दुप्पट होते. मधल्या पिना गंजल्यात का पाहावं, मधली जोडपानं सुटून हरवलेली नाहीत ना ते मोजून घ्यावं, कोडं कुणी पेनानं सोडवलंय का बघावं. मुखपृष्ठावर कुणा पोराचं नाव आणि 'इयत्ता 5 वी ब' असं शाईनं लिहिलेलं असेल तर जाणकार भाव पाडून मागतात. स्नेही तेवढ्यासाठी जास्त द्यायला तयार असतात. त्यांना समजावण्याचा मी प्रयत्न केलेला नाही.

निघताना कडेच्या एका टेबलाशी त्यांनी एक पातळ काळं-पांढरं पुस्तक उचललं, नुसतं चाळायला म्हणून. टेबलामागची मुलगी खोडरबराचा चुरा फुंकत होती. चाळीतली एक म्हातारी आणि तिच्या माळ्यावर राहणारा राक्षस, अशी काहीतरी गोष्ट. स्नेही उभ्यानं वाचत राहिले, मागचे लोक त्यांना वळसा घालून जात राहिले. शेवटच्या पानावर राक्षस माळ्यावरून पाय खाली सोडतो आणि तिथेच 'क्रमशः'.

"पुढचा भाग?"

"काढतेय काका. पुढच्या वर्षी इथेच."

स्नेह्यांनी पैसे दिले, सही घेतली, पुस्तक त्या फोल्डरमध्ये आधार कार्डाच्या झेरॉक्सशेजारी सरकवलं आणि माझ्याकडे वळून चिडून म्हणाले, "बघ. म्हणजे आलं का परत पुढच्या वर्षी!"