राष्ट्रीय कांदा

दिल्लीच्या राजकीय पत्रकाराला बातमी सुचवायची तर ती आधी आपणच राष्ट्रीय करून द्यावी लागते. लासलगावात भाव कोसळला, शेतकऱ्याने ट्रॉलीभर कांदा रस्त्यावर ओतला, असं कळवलंत तर पलीकडून नुसता हुंकार येतो. मग प्रश्न : “यात पॉलिटिकल अँगल काय?” अँगल सापडेपर्यंत कांद्याला कोंब फुटतात.

तोच कांदा दिल्लीच्या आझादपूर मंडीत महागला की साहेबच फोन करतात, “ते तुमचं नाशिककडचं गाव कुठलं हो?” १९९८च्या विधानसभा निवडणुकीत दिल्लीतल्या भाजप सरकारला कांदा भोवला. तेव्हापासून तो फोडणीपेक्षा विश्लेषणात जास्त पडतो. डिसेंबर २०२३मध्ये निर्यातबंदी आली, नाशिककडे लिलाव बंद पडले. पण हे सांगायला गेलात की विचारणार, “म्हणजे दिल्लीत स्वस्त होणार ना?”

मुरलेली मंडळी म्हणून मेसेजात कांद्याचं नावही काढत नाहीत. एवढंच लिहितात : ‘एक खासदार नाराज, नाव छापायचं नाही.’ लगेच उत्तर येतं, “कुठल्या गटाचे? भेटतील?” ते नाराज कशावर आहेत, हे विचारायचं मात्र राहून जातं.