ट्रिकसीनवाले सर

सोलापूरहून गुलबर्ग्याकडे जाताना महाराष्ट्र संपत आला की दुधनी स्टेशन लागतं. आडते-व्यापारी या गावाला तुरीच्या बाजारामुळे ओळखतात, आम्ही ट्रिकसीनवाल्या सरांमुळे. तसे हे सर एकट्या दुधनीचे नव्हेत. जिथे हायस्कूल आहे आणि हायस्कुलाला गॅदरिंग आहे, तिथे ते असायचेच. हजेरीपटावर त्यांचा विषय चित्रकला असतो, कुठे कार्यानुभव, क्वचित भूगोलही. पण डिसेंबर उजाडला की खिशातलं लाल पेन जातं, तिथे पक्कड येते, आणि सातवी ‘ब’ला सहामाहीचे पेपर कधी मिळणार हे विचारायची सोय उरत नाही.

बाकीची माणसं आधी नाटक निवडतात आणि मग नेपथ्याचं बघतात. सर आधी काय फुटणार, काय उडणार, काय गायब होणार ते ठरवतात आणि मग त्याला साजेसं नाटक शोधतात. सामाजिक नाटकांचा त्यांना मनस्वी तिटकारा. “एक सोफा, एक कॅलेंडर आणि तीन अंक रडारड. यात आम्ही काय करायचं?” तरीही शिक्षणाधिकारी येणार म्हणून एका वर्षी वृक्षारोपणावर नाटिका बसवावी लागली. सरांनी तेलाच्या रिकाम्या डब्यात माती रंगवली, डब्यात एक मुलगा बसवला आणि त्याच्या हातात छत्री दिली. छत्रीच्या काड्यांना हिरवा क्रेप कागद. नायिकेने तांब्याभर पाणी घातलं, आतल्या मुलाने छत्री हळूहळू वर सरकवली, खटका दाबला आणि झाड फुललं. पाणी खरंच घालायचं नसतं, हे नायिकेला कुणी सांगितलं नव्हतं. झाडाला त्या रात्री शिंका येत होत्या.

सरांचं बजेट म्हणजे मुख्याध्यापकांनी नाइलाजाने सही केलेलं एक व्हाउचर. त्यामुळे सगळी मदार मार्केट यार्डावर. आडत दुकानांतून फाटकी बारदानं मागून आणायची, दाभणाने उसवायची, एकमेकांना शिवायची, वर खळ आणि खडूची पूड थापायची. वाळल्यावर गेरू, नीळ आणि काजळी. दुरून हिमालय अगदी हुबेहूब दिसतो. जवळ गेलं तर कैलासाच्या डाव्या अंगाला आडत्याचा शिक्का वाचता येतो. सर त्याला जाहिरात मानतात आणि पुढच्या वर्षी त्याच दुकानात हक्काने जातात. पावसाचा आवाज मात्र तुरीचाच हवा. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात दोन मुठी तूर घालून डबा सावकाश कलता करायचा. कुणी हरभरा सुचवला तर सर दुखावतात. “हरभरा गारांसाठी. मृगाच्या सरीला तूर.” गडगडाटाला पत्र्याची शीट, ज्वाळांना टेबलफॅनवर बांधलेल्या तांबड्या-पिवळ्या जिलेटीनच्या पट्ट्या आणि यमुनेला हिंदीच्या बाईंची निळी साडी, जी दोन टोकांना धरून दोन मुलं हलवतात. ही साडी परत मागायची नसते, हे आता बाईंनाही कळलेलं आहे.

स्टाफरूममध्ये कुणी हसलं की सर परंपरा काढतात. सीमेवर राहिल्याचा फायदा हा की त्यांना दोन्हीकडून वारसा आहे. मराठीच्या बाजूने ते बाबूराव पेंटरांना पुढे करतात. सिनेमाकडे वळण्याआधी कोल्हापूरच्या या माणसाने नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले होते, तेव्हा कुंचला हाती धरणाऱ्याला जरा आदराने वागवावं, असा त्यातला मथितार्थ. मुलांच्या नाटकाला जादू कशाला, असं विचारलं तर १९५९ साल येतं आणि सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरचं ‘मधुमंजिरी’ येतं. कानडीच्या बाजूने गुब्बी वीरण्णा. त्यांच्या कंपनीने ‘कुरुक्षेत्र’ नाटकात रंगमंचावर चक्क हत्ती-घोडे आणले होते. हे नाव निघालं की मुख्याध्यापक घाईघाईने विषय बदलतात. आठवडी बाजार आणि त्यातले बैल त्यांच्या डोळ्यांपुढे येत असावेत.

सर कधीकधी परदेशातही जातात. लंडनमध्ये १८६२ साली प्राध्यापक पेपर नावाच्या गृहस्थांनी रंगमंचावर भूत दाखवलं, हे त्यांनी कुठेतरी वाचलं. युक्ती सोपी आहे. रंगमंचावर मोठी काच तिरकी उभी करायची, प्रेक्षकांना न दिसेल अशा जागी भुताला उभं करून त्याच्यावर झगझगीत उजेड टाकायचा, म्हणजे काचेत फक्त त्याचं प्रतिबिंब तरंगतं. सरांनी ढाली-करंडकांच्या कपाटाची काच उतरवली आणि विक्रम-वेताळ बसवलं. काच हवी तेवढी तिरकी झाली नाही. त्यात व्हिडिओ शूटिंगवाल्याने आपला दिवा प्रेक्षकांवर फिरवला. विक्रमाशेजारी वेताळाऐवजी पहिल्या रांगेतले प्रमुख पाहुणे, शेवंतीच्या हारासकट, जांभई देताना प्रकट झाले. पाहुण्यांनी मनावर घेतलं नाही. उलट भाषणात शाळेचं तंत्रज्ञान पुढे असल्याचा उल्लेख केला.

एवढा हुन्नर असलेल्या माणसात देवाने एकच खोट ठेवली. त्यांच्या पोटात काही राहत नाही. जिन्याखालच्या खोलीला ते आतून वर्तमानपत्रं चिकटवतात, दारावर ‘प्रवेश बंद’ लिहितात, मुलांना विद्येची शपथ घालतात. मग संध्याकाळी स्टेशनजवळच्या टपरीवर चहाचा पहिला घोट घेऊन आवाज खाली आणतात. “कुणाला बोलू नका, पण खांबाला मागून बिजागऱ्या आहेत.” चार दिवसांत पानवाल्यापासून हमालांपर्यंत सगळ्यांना बिजागऱ्यांचा इंच कळतो. एका हमालाने तर दीड इंची पुरणार नाही, दोन इंची घ्या, असा सल्लाही दिला आणि सरांनी तो ऐकला.

हा खांब ‘भक्त प्रल्हाद’मधला, सरांच्या कारकिर्दीचा कळस. बांबूच्या कामट्यांचे दोन अर्धगोल सांगाडे, वर जुन्या वर्तमानपत्रांचे थर. मागे बिजागऱ्या, पुढच्या फटीवर पतंगाच्या कागदाची दगडी रंगाची पट्टी. दोन्ही अर्धांना सायकलच्या ट्यूब ताणून बांधलेल्या आणि आतून एक कडी. नृसिंहाने कडी काढायची, की ट्यूब हिसका देतात, कागद टर्रकन फाटतो आणि खांब दुभंगतो. ट्यूबची टोकं विंगेत दोन आडदांड मुलांच्या हातात होती. सर त्यांना कानडीत बजावत होते, “हिडी, हिडी! बिडब्याडा!” म्हणजे धरा, सोडू नका. नृसिंहाला पडदा उघडण्याआधीच आत बसवलेलं. सोबत दोन केळी.

हिरण्यकशिपूने गदा उगारली तेव्हा अख्खं मैदान श्वास रोखून बसलं होतं. आता काय होणार हे माहीत नसलेलं तिथे कुणीच नव्हतं. मागच्या रांगेतून कुणीतरी “आता बिजागरी!” असं ओरडलंसुद्धा. गदा बसली, आवाज झाला, खांब मधोमध उघडला, भस्माचा लोट उठला आणि सुतळीची आयाळ लावलेला नृसिंह बाहेर आला. तो हिरण्यकशिपूला मांडीवर घेणार, एवढ्यात हमालांच्या बाजूने गर्जना झाली, “वन्समोअर!”

वन्समोअर पदाला मिळतो हे ऐकून होतो. खांबाला मिळालेला मी इथेच पाहिला. सर खळीची वाटी घेऊन तडक रंगमंचावर आले. नृसिंहाला त्यांनी परत आत घातलं, सर्वांदेखत नवी पट्टी चिकटवली आणि ती वाळेपर्यंत माइक हातात घेऊन कडीची माहिती दिली. खांब पुन्हा फाटला. पुन्हा वन्समोअर. या वेळी नृसिंहाने आयाळ काढून सरांच्या हातात दिली आणि करंगळी वर केली.

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. हिरण्यकशिपू मघापासून मरायचा राहिला होता आणि कंटाळला होता. तो म्हणाला, “सर, मी बसू आत?”

खांब तिसऱ्यांदा दुभंगला. आतून मुकुट सावरत हिरण्यकशिपू बाहेर आला. टाळ्या पहिल्याइतक्याच पडल्या, आणि प्रल्हादाने सवयीने त्यालाही हात जोडले.