फांदीची फसवणूक

आमच्या न्यूजर्सीच्या वहिनीला गुढीला फुलं लागतात ती घरचीच. पाडवा मार्चच्या मध्यावर आला की तिची पंचाईत होते, कारण तिच्या मागल्या अंगणात तेव्हा नुसत्या काटक्या असतात. मग ती फेब्रुवारीत बर्फ तुडवत जाते, फोर्सिथिया नावाच्या झुडपाच्या चार फांद्या तिरक्या कापून आणते आणि बादलीभर पाण्यात उभ्या करते. बुडाच्या कळ्या खुडायच्या, म्हणजे पाणी कुजत नाही. पाणी बदलत राहायचं आणि बादली हीटरला चिकटवायची नाही, नाहीतर कळ्या सुकून गळतात. दोनेक आठवड्यांत पान नाही की पालवी नाही, नुसत्या पिवळ्या फुलांनी काटकी भरून जाते. दाराबाहेर बर्फ तसाच.

फोनवर हे ऐकल्यावर मला त्या फांदीची दयाच आली. बिचारीला वाटलं असणार, वसंत आला. मी तसं म्हणालोही. वहिनी म्हणाली, ‘‘भावोजी, ती इतकी भोळी नाही हो!’’

तिचं खरं आहे. कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात. मग त्या झोपतात, आणि हिवाळ्यात मध्येच एखादा उबदार दिवस आला म्हणून उठत नाहीत. कित्येक आठवड्यांची थंडी अंगावर घेतल्याशिवाय त्यांचा हिशेब पुरा होत नाही. तो पुरा झाला की मात्र उबेचीच खोटी. म्हणून नोव्हेंबरात कापलेली फांदी पाण्यात नुसती रुसून बसते आणि फेब्रुवारीतली भराभर फुलते. जर्मनीतले कॅथलिक लोक हेच 4 डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी करतात. चेरीची फांदी घरात आणायची. नाताळपर्यंत फुलली तर घरातल्या मुलीचं वर्षभरात लग्न ठरतं म्हणे. फांदीवर केवढी ही जबाबदारी!

गोव्यात, आमच्या साखळी गावात हा उद्योग चालायचा नाही. आमची थंडी म्हणजे धनुर्मासात भल्या पहाटे वाळवंटी नदीच्या पुलावर मफलर गुंडाळून जायचं आणि नऊच्या सुमारास तो खांद्यावर टाकून परतायचं. एवढ्या भांडवलावर फोर्सिथिया लावला, तर तो थंडीची वाट पाहत जन्म काढील.

आणि इथे फांदीला फसवायला जावं, तर तीच आपल्याला फसवते. शेजाऱ्यांच्या चाफ्याची एक फांदी विजेच्या तारेला टेकत होती, म्हणून कापून गडग्यावर फेकली. माघाचे दिवस. चाफ्याची पानं तेव्हा झडलेलीच असतात, त्यामुळे फांदी मेली की झोपली, ओळखणं कठीण. माती नाही, पाणी नाही, आणि काही दिवसांनी टोकाला पांढऱ्या फुलांचा झुपका! त्या जाड, मऊ दांड्यात पाण्याचा साठा असतो आणि तुरा आत आधीच धरलेला असला, तर मुळं फुटायची वाट तो बघत नाही. मी कौतुकाने दाखवायला गेलो, तर शेजारची म्हातारी म्हणाली, ‘‘ती जिती आसा मरे!’’ आणि कापल्या जागेचा चीक सुकलेला बघून तिने ती फांदी तिथेच मातीत खोचून टाकली. तिला त्यात नवल काहीच नव्हतं.

अनंताचंही तसंच. संध्याकाळी मिटलेल्या, हिरवट पिळाच्या कळीसकट डहाळी स्टीलच्या पेल्यात ठेवावी. रात्रीत ती उमलते आणि सकाळी स्वयंपाकघरातल्या फोडणीशी वासाची बरोबरी करू पाहते.

पण खरी कसरत सुरंगीची. पेडण्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत ही झाडं आहेत. फूल कोवळ्या शेंड्याला येत नाही. जुन्या, निबर फांदीला बुडापासून घोसच्या घोस चिकटलेले असतात. म्हणजे घरात फुलवायची म्हटली तर दंडाएवढी फांदी करवतीने कापावी लागेल, आणि मागोमाग येणाऱ्या मधमाश्यांची सोय करावी लागेल. तसलं वेड कोणी करत नाही. काढणारे उजाडायच्या आत झाडावर चढतात आणि कळ्याच तेवढ्या उतरवतात. ऊन लागलं की कळी उमलते, मधला पिवळाजर्द गोंडा दिसतो आणि पाकळ्या सुटू लागतात. तेव्हा इथली सगळी धावपळ फूल लवकर उमलावं म्हणून नसते, ते थोडं थांबावं म्हणून असते. उष्णतेची इथे ददात नाही. ती फुकट मिळते, नको तेवढी मिळते. हुन्नर आहे तो उशीर करण्याचा.

चैत्रात विठ्ठलापूरच्या देवळाचा उत्सव जवळ आला की साखळीच्या बाजारात फुलकान्नींकडे, म्हणजे फुलं विकणाऱ्या बायांकडे, वळेसर आणि फाती, म्हणजे फुलांचे गजरे, दिसू लागतात. वर ओलं फडकं, खाली केळीचं पान. दर थोड्या वेळाने पाण्याचा हबका. मी एकदा वरचीच, टप्पोरी उमललेली सुरंगीची फाती मागितली. डोळ्यांना तीच बरी दिसत होती. बाईने ती बाजूला सारली, फडक्याखालून मिटलेल्या कळ्यांची दुसरी काढली आणि म्हणाली, ‘‘ती कालची. व्हरची जाल्यार अर्ध्या मोलान व्हर.’’